सावरदऱ्याचे न उचललेले कॉल

सावरदऱ्याचा टॉवर बंद करून पंधरवडा उलटला, तरी एकही तक्रार आली नव्हती. आमच्या धंद्यात याहून गोड बातमी नसते. पुण्याच्या ऑफिसातून मेल आला की सोमवारी डिसमँटलिंगची टीम जाईल आणि टॉवर उतरवून घेईल, कुणाची हरकत असल्यास कळवा. सगळ्यांनी खाली 'ओके' लिहिलं. एकट्या निकम मॅडमनी लिहिलं, 'नॉट ओके'. कारण दिलंच नव्हतं.

मी त्यांच्या टेबलापाशी गेलो.

"मॅडम, कारण काय लिहू?"

"तक्रार नाही, हेच कारण, अहिरे सर. सावरदऱ्याची माणसं इतकी शांत नसतात."

मी गेल्याच वर्षी रिटायर झालो. सगळी नोकरी मोबाईलच्या नेटवर्कमध्ये गेली, त्यातली शेवटची वर्षं नाशिकच्या सातपूरच्या ऑफिसात. टॉवर कुठे उभा करायचा, त्याच्या अँटेनाचं तोंड कुठल्या गावाकडे ठेवायचं, हे ठरवणारा मी माणूस. लोकांना वाटतं, मोबाईल कंपनी म्हणजे नुसतं सिमकार्ड आणि जाहिरात. जाहिरातीतल्या माणसाच्या हातातला फोन लागावा म्हणून कुणीतरी खडकावर चढलेलं असतं, ते जाहिरातीत दिसत नाही.

नेटवर्क मिळवायचे दोन मार्ग. एक म्हणजे स्वतः बांधायचं. जागा शोधा, मालकाशी करार करा, खांब उभा करा, वीज आणा. यात वर्षं जातात. दुसरा मार्ग, कुणीतरी बांधलेलं विकत घ्यायचं. आमच्या कंपनीने तेच केलं आणि एक छोटी कंपनी अख्खी गिळली. असं केलं की चार गोष्टी पदरात पडतात. स्पेक्ट्रम, म्हणजे हवेतल्या लहरी वापरायचा परवाना. ग्राहक. टॉवर. आणि माणसं. यातल्या पहिल्या दोन हव्या असतात. उरलेल्या दोन्हींचं काय करायचं, यावर मीटिंगा होतात.

वैशाली निकम या उरलेल्यांपैकी. मूळच्या सटाण्याच्या. छोट्या कंपनीबरोबर आमच्याकडे आल्या होत्या. त्यांना पक्कं करायचं की नमस्कार करायचा, हे पुण्याचे सरदेसाई साहेब ठरवणार होते. तो मेलही सरदेसाई साहेबांचाच होता. अशा वेळी शहाणा माणूस दोनदा 'ओके' लिहितो.

सावरदरा देवळ्याच्या बाजूचं गाव. गाव म्हणायचं, पण गावठाणात थोडीच घरं. बाकी सगळे मळ्यात, आपापल्या शेतात घर बांधून राहतात. रस्त्याकडेला आमच्या कंपनीचा टॉवर होता. समोरच्या डोंगराच्या धारेवर छोट्या कंपनीचा. एका गावाला दोन टॉवर कशाला? पुण्याच्या सॉफ्टवेअरने धारेवरच्या टॉवरला लाल रंग दिला. त्यावर बोलणं जवळपास नाही, डेटा तर नाहीच. म्हणून तो 'लॉक' केला. लॉक म्हणजे मशीन चालू ठेवायचं, पण आसपासच्या फोनना ओळख द्यायची नाही. काही दिवस बघायचं, कुणी ओरडतंय का. नाही ओरडलं तर खांब उतरवायचा.

शुक्रवारी मी आणि मॅडम गाडी घेऊन निघालो. मी ड्राईव्ह टेस्ट करणार होतो. या टेस्टमध्ये गाडीत लॅपटॉप आणि फोन ठेवायचे आणि रस्त्याने फिरायचं. जिथे रेंज चांगली तिथे नकाशावर हिरवे ठिपके पडतात, जिथे वाईट तिथे लाल. देवळ्यापासून सावरदऱ्यापर्यंत आणि परत, माझ्या लॅपटॉपवर रस्ता पावसाळ्यातल्या बांधासारखा हिरवागार.

"बघा," मी म्हणालो. "आमचा टॉवर पुरतो."

"रस्त्याला पुरतो," मॅडम म्हणाल्या. "आता गाडी देवळ्याच्या बाजारात घ्या. मला एका दुकानात जायचंय."

मला वाटलं, माहेरच्या बाजूला आल्यात, काही खरेदी असेल. त्यांनी गाडी थांबवली ती भामरेंच्या मोटार-स्टार्टरच्या दुकानासमोर. विहिरीवरच्या मोटारी सुरू करायचे डबे तिथे विकतात आणि दुरुस्तही करतात. काउंटरमागे भामरे बसले होते आणि त्यांच्यामागे भिंतीला लावून डब्यांची थप्पी, पार छताकडे गेलेली.

"काय भाऊ, काय चालू शे?" मॅडमनी विचारलं.

"काय चालू शे ताई, सगळंच बंद शे," भामरे म्हणाले. मग मला बघून ते अहिराणी सोडून आमच्या भाषेवर आले. "हे सगळे मोबाईल स्टार्टर. परत आलेले. सगळे सावरदऱ्याचे. मी लावून बघतो तर इथं एकदम ओके चालतात. मळ्यात नेले की मुके. लोक मला शिव्या घालतात, मी कंपनीला घालतो."

"कुठल्या कंपनीला?" मी जरा सावध होऊन विचारलं.

"डबा बनवणाऱ्या. दुसऱ्या कुणाला घालू?"

मोबाईल स्टार्टर म्हणजे काय, ते शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. विहिरीवरच्या मोटारीच्या डब्यात एक सिमकार्ड असतं. शेतकरी घरातून त्या नंबरला मिसकॉल देतो. डबा मालकाचा नंबर ओळखतो, दोन रिंगा घेतो, कॉल कापतो आणि मोटार सुरू करतो. मग उलटा एक मिसकॉल देऊन सांगतो, झाली सुरू. या सगळ्यात कुणी कुणाशी एक शब्द बोलत नाही. आणि आमच्या रिपोर्टात मोजली जातात ती बोललेली मिनिटं आणि वापरलेला डेटा.

मॅडम माझ्याकडे बघत होत्या. सावरदऱ्याची माणसं ओरडत होती. पण आमच्या कॉल सेंटरवर नाही, भामरेंवर.

पण मला एक कोडं होतं. टॉवर बंद झाला तर लोकांचे स्वतःचे फोनही बंद पडायला हवेत. मग टॉवर बंद आहे हे त्यांच्या लक्षात कसं आलं नाही? ते सुशीला देवरेंच्या मळ्यात गेल्यावर सुटलं. त्यांचं घर उतारावर, रस्त्याच्या वरच्या अंगाला. विहीर खाली नाल्याच्या खोलगटात. घराला आमचा टॉवर दिसतो. विहिरीला फक्त समोरच्या धारेवरचा.

"आमच्या घरी रेंज फुल हाय," सुशीलाताई म्हणाल्या. "म्हणून म्हटलं, डबाच खराब झाला. मालक टेम्पो घेऊन कांदा टाकायला विंचूरला जातात, दोन-दोन दिवस घरी नसतात. मग मीच जायची विहिरीवर."

"कधी?" मॅडमनी विचारलं.

"लाईट येईल तेव्हा. मागचा आठवडा रातची होती."

शेतीची वीज एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री येते. आणि त्या बाजूला बिबटे आहेत, हे नाशिक जिल्ह्यात कुणाला सांगावं लागत नाही.

"मोबाईलवर मोठ्यानं गाणी लावून जायची," सुशीलाताई सांगत होत्या. "बिबट्याला कळावं, बाई येते. एकदा बांधावर बसलेला दिसला. मी बी उभी राहिली, तो बी. मग तो गेला. मोटार चालू केली अन् आले. कांदा वाळू द्यायचा का?"

त्या हे अशा आवाजात सांगत होत्या की जणू शेजारीण भेटली होती, दोन शब्द बोलून गेली. एका मेलवर आम्ही सगळ्यांनी 'ओके' लिहिलं होतं, त्याचा अर्थ इथे असा होत होता.

परतताना मी मॅडमना विचारलं, "तुम्हाला भामरेंकडे जायचं कसं सुचलं?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. छोटी कंपनी या भागात उशिरा आली. हायवे, बाजारपेठा, सगळीकडे मोठ्या कंपन्यांचे टॉवर आधीच उभे. उरली होती ती दरी-खोरी. मॅडम तेव्हा नव्या इंजिनिअर. बाजाराच्या दिवशी त्या भामरेंच्या दुकानात बसायच्या आणि येणाऱ्याला विचारायच्या, तुझ्या विहिरीवर फोन लागतो का. ज्या खोऱ्यातून जास्त 'नाही' यायचे, तिथली धार त्या चढायच्या. टॉवरला दुसऱ्या टॉवरशी बोलायला एकमेकांची तोंडं स्वच्छ दिसावी लागतात, मध्ये टेकाड चालत नाही. ते तपासायला मॅडम धारेवर उभ्या राहून आरशाने ऊन परतवायच्या आणि लांबच्या टॉवरवरचा सहकारी ती चमक दिसली की फोन करायचा. तो आरसा अजून त्यांच्या ड्रॉवरमध्ये होता, एका कोपऱ्याचा टवका उडालेला.

मी हजार वेळा गाडीतून रेंज मोजली असेल. विहीर गाडीतून दिसत नाही. या बाईने नेटवर्क माणसांच्या मागे मागे जाऊन बांधलं होतं, आणि मला त्यांचा खरोखर हेवा वाटला.

ऑफिसात पोचल्याबरोबर आम्ही धारेवरच्या टॉवरचा एक वेगळा आकडा काढला. त्याला 'अटेम्प्ट' म्हणतात, म्हणजे लावलेले कॉल, उचलले गेले की नाही याची पर्वा न करता. लॉक करायच्या आधीचा त्याचा आलेख वीज यायच्या वेळेला सरळ उभा राहत होता, डोंगराच्या कड्यासारखा. मॅडमनी तो सरदेसाई साहेबांना पाठवला आणि फोन स्पीकरवर टाकला.

"अटेम्प्ट म्हणजे बिझनेस नाही, मॅडम," साहेब म्हणाले. "उत्तर न मिळालेला कॉल आम्हाला काय देतो?"

"साहेब, इथे उत्तर न मिळालेला कॉल म्हणजे झालेलं काम."

"जुन्या कंपनीवरचं प्रेम मी समजू शकतो."

मॅडमच्या नोकरीचा निर्णय ज्याच्या हातात, तोच पलीकडे होता. मॅडमचा आवाज तसूभर बदलला नाही.

"प्रेम आहेच. पण उद्या तुम्ही सटाण्याला नव्या साइटच्या उद्घाटनाला जाताय. वाटेत देवळा लागतं. अर्धा तास द्या. नंतर तुम्ही म्हणाल ते."

सरदेसाई साहेबांबद्दल एक सांगायला हवं. माणूस तिरकस, पण स्वतःच्या डोळ्यांना मान देणारा. शनिवारी सकाळी त्यांची गाडी सुशीलाताईंच्या मळ्यात शिरली. नशिबाने त्या आठवड्यात वीज दिवसाची होती. भामरेंनी डबा परत बसवून ठेवला होता.

मॅडमनी सुशीलाताईंचा फोन साहेबांच्या हातात दिला. "मोटारीला मिसकॉल द्या."

साहेबांनी नंबर लावला. स्पीकरवर आमच्याच कंपनीची ती मंजुळ बाई बोलली, आपण डायल केलेला क्रमांक सध्या संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे.

साहेबांनी फोनच्या कोपऱ्यात बघितलं. रेंज फुल होती. मग खाली विहिरीकडे बघितलं, मग समोरच्या धारेवरच्या टॉवरकडे. मग स्वतःचा फोन काढून पुण्याच्या कंट्रोल रूमला लावला. "सावरदरा साइट अनलॉक करा. हो, आत्ता. मी साइटवरच उभा आहे."

तेवढ्यात चहा झाला. साहेबांनी बशी खाली ठेवली आणि पुन्हा नंबर लावला. दोन रिंगा. कॉल कट. खाली खोलगटात मोटार घुमली आणि पाइपच्या तोंडातून आधी हवा, मग गढूळ, मग स्वच्छ पाणी कांद्याच्या वाफ्यात पडू लागलं. हातातला फोन दोनदा वाजून थांबला. झाली सुरू.

साहेबांनी मोटार बंद केली. पुन्हा चालू केली. पुन्हा बंद केली.

"साहेब, मोटार जळंल," सुशीलाताई म्हणाल्या.

साहेबांनी फोन परत दिला आणि मॅडमना विचारलं, "धारेवरून रस्ता दिसतो का?"

"दिसतो. फोर-जीचा रेडिओ वर चढवला तर रस्ता, घरं आणि विहिरी, तिन्ही दिसतात."

"मग रस्त्याकडेचा टॉवर काढा. आपलाच."

सोमवारी टीम आली, तिने आधी फोर-जीचा रेडिओ धारेवर चढवला आणि मग खांब उतरवला, तो आमच्या कंपनीचा. विकत घेतलेल्याचा टॉवर राहिला आणि विकत घेणाऱ्याचा गेला, असं माझ्या नोकरीत तेवढं एकदाच झालं. निकम मॅडम पक्क्या झाल्या आणि जिल्ह्यातलं सगळं मर्जर त्यांच्याकडे आलं. आता कुठलाही टॉवर उतरवण्याआधी त्याचे अटेम्प्ट बघतात आणि जवळच्या बाजारातल्या स्टार्टरच्या दुकानात एक माणूस पाठवतात. पुण्यात त्याला 'निकम चेक' म्हणतात.

मी यातून शिकलो ते इतकंच. तक्रार आली नाही, तर ती कुठे गेली ते आधी शोधावं. कॉल सेंटर शांत असणं ही कधीकधी सगळ्यात वाईट बातमी असते.

त्या शनिवारी निघताना मी सुशीलाताईंना माझा नंबर देऊन ठेवला होता, काही अडलं तर कळवा म्हणून. त्यांनी तो आपल्या पद्धतीने वापरला. वीज रात्रीची असते त्या आठवड्यात माझा फोन सकाळी दोनदा वाजतो आणि थांबतो. मोटार घरातून सुरू झाली, खाली जावं लागलं नाही, एवढाच निरोप. बायको विचारते, कुणाचा फोन, उचलत का नाही. मी म्हणतो, उचलायचा नसतो तो.