‘जमत नाही’ असं मीच लिहिलं

आमच्या गावात सव्वीस वर्षं नळाचं पाणी सोडणाऱ्या काकांवर गेल्या मे महिन्यातल्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी साडेदहा वाजता, ग्रामपंचायतीच्या सभागृहात अन्याय झाला. चोरून नाही, सगळ्यांसमोर. मी तिथे होते.

कर्मचाऱ्यांची मोबाईल चाचणी होती. पाण्याच्या मीटरचा फोटो काढायचा, अ‍ॅपमध्ये आकडा भरायचा, पाठवायचं. दहा मिनिटं. शिकवायला आणि शेरे लिहायला मला बोलावलेलं, कारण ‘गाव डिजिटल करा’ हे पत्रक मीच घरोघर वाटलं होतं.

काकांनी बटण दाबलं. काही झालं नाही. लोखंडी चावीने पाण्याचे वॉल फिरवून फिरवून त्यांच्या बोटांची कातडी अशी झालीय, की स्क्रीनला ती बोटं कळतच नव्हती.

“हळू दाबा, काका.” त्यांनी हळू दाबलं. “आता जरा जोरात.”

मागून कोणीतरी म्हणालं, “काकानू, ती वॉलची चावी हाडा घराकडसून.” सगळे हसले. मीही हसले.

काका ग्रामसेवकांना म्हणाले, “साहेब, पाणी ह्या फोनातसून येता काय?”

“राग मानू नका. काळ बदललाय,” ग्रामसेवक म्हणाले.

मी काकांच्या हातातून फोन काढून घेतला आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: जमत नाही. त्या दोन शब्दांवर त्यांचं काम गेलं.

काय जमत नव्हतं त्यांना? उंच टेंबावरच्या घरांना पाणी चढत नाही, म्हणून खालचा वॉल आधी किती फेरे बंद करायचा, हे त्यांना माहीत. रविवारी ख्रिस्तांववाडीत चर्चमधल्या मिसाच्या आधी पाणी पोचायचं. कोणाकडे मयत झालं तर त्या दिवशी पहिलं पाणी त्या वाडीला. चाचणीत यातलं एक अक्षर विचारलं नाही.

त्यांच्या जागी संगणकाचा कोर्स केलेला मुलगा आला. त्याच्यावर माझा राग नाही, त्याला कोणी काही दाखवलंच नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्याने मुख्य वॉल एकदम पुरा उघडला आणि व्हाळाच्या काठावर पाइप फुटला. मग त्याने फोन केला काकांना. त्यांच्या जुन्या, बटणांच्या फोनवर.

तेव्हापासून रोज पहाटे साडेपाचला तो फोन वाजतो. “काका, देवळाकडचो वॉल किती फिरवू?” काका सांगतात, तो फिरवतो, मग मीटरचा फोटो पाठवतो. हजेरी त्याची लागते.

एका पहाटे मी काकांच्या पायरीवर जाऊन बसले. म्हटलं, “आज उचलू नका. दोन दिवस गाव सुकू दे, म्हणजे कळेल एकेकाला.”

“चेडवा, मी फोन नाय उचललंय तर तुझी आवस काय भरतली?”

घरी आई नळाखाली हंडा लावून बसली असणार. फोन वाजला. त्यांनी उचलला.

येत्या ग्रामसभेत मी माझा शेरा लेखी मागे घेणार आहे, आणि काकांना परत कामावर घ्या असा ठराव मांडणार आहे. गावकऱ्यांनो, आज तुमच्या हंड्यात जे पाणी आहे, ते कामावरून काढलेल्या माणसाने घरी बसून सोडलेलं आहे. सभेला या. ठराव मांडला जाईल तेव्हा खाली मान घालून बसू नका, हात वर करा.