पुलाला खांदा हवा

"हे गेले, ताई," वहिनी फोनवर एवढंच म्हणाल्या. मी मार्केट यार्डात कांद्याच्या भावावरून घासाघीस करत होते. पिशवी तिथेच राहिली. आता महिना उलटून गेला. रडू येत नाही... नुसता थकवा येतो.

दादा, माझा थोरला भाऊ, पुलांचा इंजिनियर. हिंजवडीच्या शेतांत काचेच्या इमारती उगवायला लागल्या, त्या काळात बायपासवरच्या एका पुलाचं काम त्याच्याकडे आलं. रस्त्याच्या कडेला बंद पडलेली गाडी उभी करण्यापुरती पट्टी होती. पुलावर मात्र ती गायब. इंग्रजीत तिला शोल्डर म्हणतात. दादा मराठीचा हट्टी, त्याने नकाशावर सरळ 'खांदा' लिहिलं. साहेब हसले. "भालेराव, पुलाला खांदा कशाला? तिरडी उचलायचीय?" दादा म्हणाला, "आत्ता नाही दिलात, तर तेच करावं लागेल." पुण्याचं पाणी, दुसरं काय! एवढ्याशा पुलावर थांबतंय कोण, असं ठरलं आणि खांदा कापला गेला.

थांबला एक. कंपनीच्या बसचा टायर फुटला, ड्रायव्हर पुलावरच उतरून तो बदलत होता, आणि शेजारून ट्रक गेला... दादा त्या ड्रायव्हरच्या घरी जाऊन आला. तिथे काय बोलणं झालं, कुणालाच सांगितलं नाही. मला एवढंच म्हणाला, "छबू, गाडी बिघडणार, माणूस चुकणार. रस्त्याने तेवढी जागा ठेवायला नको?" मग निवृत्तीनंतरही अर्ज करत राहिला, पूल रुंद करा म्हणून. उत्तर एकच, 'विचाराधीन'. जळलं मेलं ते विचाराधीन! संताप माझाच व्हायचा, दादा नुसता वाळत गेला.

त्याला एक खोड मात्र जडली. गाडी त्या पुलावर चढली की दादा गप्प, वाक्य अर्धं असलं तरी. आम्हीही बोलायचं नाही, चालवणाऱ्याचं लक्ष हलता कामा नये. पोरं मुद्दाम पुलाच्या तोंडाशी भांडण उकरून काढायची. पूल संपला की मान हलवून म्हणायचा, "हं, बोला आता."

दादाला न्यायची वेळ झाली, तेव्हा ते साहेब आले. पार वाकलेले. "मला देऊ द्या," म्हणाले आणि चार पावलं खांदा दिला. मला त्यांचा राग करायचा होता, पण तेवढंही बळ उरलं नव्हतं.

परवा दादाची लेक प्रज्ञा मला आणि वहिनींना हिंजवडीला तिच्या घरी घेऊन निघाली. पूल आला. मधोमध एक टेम्पो बंद पडलेला, मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ. प्रज्ञाने जपून गाडी बाजूने काढली. आम्ही तिघी गप्प. पूल मागे पडला, पुढचा चौकही गेला, तरी कुणी तोंड उघडेना. शेवटी वहिनीच मागच्या सीटवरून म्हणाल्या, "पूल संपला ना गं... बोला की कुणीतरी."