मागून मारलेली खाच

ही गोष्ट मी कुणापाशीच काढली न्हाई. बायकोपाशी न्हाई, देवापाशी तर मुळीच न्हाई — त्याला म्हणं समदं ठावं असतंय, मग सांगायचं कशाला? तुमाला सांगतो. मधी बोलू नका, म्हंजे झालं.

निजामाच्या राजवटीत वालूरच्या अंगाला झाडावर चढणारा माणूस म्हणलं की माझंच नाव निघायचं. फुशारकी न्हाई, खरं हाय ते. कुणाच्या घरावर फांदी झुकली, कुणाच्या हिरीवर चिंच कलली, कचेरीच्या आवारातला पिंपळ वाळला — की आलं मला बोलावणं. कुऱ्हाडीच्या उलट्या बाजूनं खोड ठोकलं की आत पोकळ हाय का भरीव, मी डोळे झाकून सांगायचो. आदल्या सांजंला बुडाशी सुपारी आन चिमूटभर तांदूळ ठिवून पाखरांना म्हणायचं — उद्या बिऱ्हाड हलवा रं बाबांनो. ते मी कधी चुकवलं न्हाई. चुकलो ते दुसरीकडंच.

मी वर, आन खाली दोर धरायला किसनबा. माझ्या बापाचा जोडीदार. बाप गेल्यावर गाठी मला त्यानंच शिकवल्या. मोठ्या फांदीला तोडायच्या आधी दोर बांधायचा, वरल्या बेचक्यातून खाली सोडायचा. किसनबा तो बुंध्याला दोन येढे देऊन धरायचा आन तुटलेली फांदी हळूहळू भुईला टेकवायचा. लय भरवशाचा हात. हिरी खांदणारेसुदिक माणसं खाली सोडायला त्यालाच न्यायचे. ज्याच्या हातात दोर त्याच्या हातात जीव — मग असल्या कामाला कुणीबी चालंल का?

आता एक समजून घ्या. चैतात झाडात रस चढतो आन साल सुटी व्हते. कडू लिंबाची तर बोटानं निघती. म्हणून आधी फांदीला खाच मारायची आन दोर त्या खाचंत बसवायचा. न्हाईतर दोर सालीसकट घसरतो. आमच्या धंद्यातली ही पयली शिकवण.

चैताचेच दिस व्हते. एका कुणब्याच्या घरामागं दांडगा लिंब व्हता. फांदी गोठ्यावर आलती, गोठ्यात दुभती म्हैस. किसनबा म्हणला, आधी म्हैस बाहीर काढू. "राहू द्या वो, फांदी कुठं पडायलीय!" — मीच वरून वरडलो. सारी आळी मान वर करून बघायलती, आन मला चेव चढला. खाच मारायची तर पार टोकाकडं सरका, वाकून घाव घाला, वखत घालवा. माझी गाठ कधी सुटलीय का? तशीच बांधली.

"खाच मारलीस का रं?" किसनबानं खालून इचारलं.

"मारली, मारली! तुमी दोर धरा."

फांदी तुटली, घडीभर दोराला लोंबली — आन सर्रकन निसटली. गोठा बसला. म्हशीची कंबर मोडली. कुणब्याची बायको म्हशीच्या गळ्याला मिठी मारून जी रडली, ते रडणं मला अजून सोसत न्हाई.

इथपर्यंत चूक म्हणा. चूक कुणाच्या हातनं व्हत न्हाई? पण पुढं — पुढं मी काय केलं, ते ऐका.

समदे गोठ्याकडं धावले. किसनबाबी धावला. मी उतरलो, दोर खाली वढला. फासात सालीचा ओला नळा जसाच्या तसा अडकला व्हता. तो काढून कंबरंला खोवला. मग पडल्या फांदीला कुऱ्हाडीनं खाच मारली आन दोर त्या खाचंत आवळून बांधला. फांदी बाजूला करायला मी घाव घालायलोय, असंच लोकांना वाटलं. लय सुबक खाच झालती.

"बघा, माझी गाठ जागच्या जागी हाय," मी म्हणलो. येवढंच. बाकीचं लोक बोलले — म्हाताऱ्याचा हात ढिला पडला.

किसनबा तळहात बघायलता. त्याला वरखडाबी नव्हता. दोर हातातनं निसटला असता तर कातडं सोलून निघालं असतं — हे त्याला कळत नव्हतं व्हय? पण त्यानं खाच बघितली, गाठ बघितली, माझ्याकडं बघितलं. माझ्या 'मारली, मारली' म्हणण्यावर त्याचा सोताच्या हातापरीस जास्त भरवसा. "मग माझाच हात चुकला," म्हणला आन कुणब्याच्या पाया पडला. मी बाजूला उभा व्हतो.

हिरीवाल्यांनी त्याला बोलवायचं सोडलं. जन्मभर दोर धरलेला माणूस परभणीच्या सडकंवर खडी फोडाय लागला. माझं नाव मातर वाढतच गेलं.

दोन साल गेल्यावर मी त्याच्याकडं गेलो. म्हणलं, "किसनबा, चला, माझा दोर धरा." वाटलं, तेवढ्यानं फिटंल.

त्यानं हात मागं घेतले. "नको लेका. तू वर असणार, फांदी उलटून तुझ्यावरच आली म्हंजे? माझ्या हाताचा आता मलाच भरवसा न्हाई. तुझ्या लेकराबाळांकडं बघ."

सांगायला तोच वखत व्हता. अंगणात आमी दोघंच व्हतो.

मी "बरं" म्हणलो, आन दुसरा माणूस बघितला.