बैलाचे दात आणि चिमीची दाढ

माणसाचा चेहरा विसरून नुसते दात लक्षात ठेवणारा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात एकच होता, आणि तो नेमका माझा मामा निघाला! बाहत्तर सालच्या सुमारास मामा अकोले तालुक्यात दातांचा दवाखाना चालवायचे. लग्नात नवरीला आशीर्वाद देण्याआधी ते तिच्या अक्कलदाढेची चौकशी करत. मामी कपाळाला हात लावायची. राजूरच्या बाजाराला तर ते थेट गुरांत जाऊन बसत. बैल घेणारा वय कळावं म्हणून आधी त्याचं तोंड उघडून दात बघतो. मामा तिथंच एखाद्या बैलाचे दात भल्यामोठ्या ब्रशनं घासून दाखवत, पोरं गोळा करत आणि मग त्यांचीही तोंडं बघत. एकदा बैलानं ब्रशच खाल्ला.

मला कुतूहल होतं ते वेगळ्याच गोष्टीचं. काही पोरांना ते भर उन्हाळ्यात आधी तांब्याभर पाणी पाजत, घोंगडी पांघरवत, मगच तोंड बघत. हे काय खूळ, म्हणून मी खोदून विचारलं. त्या पोरांना सिकलसेल हा रक्ताचा जन्मजात आजार होता. त्यात रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, अडकतात, रक्त कमी पडतं आणि हाडं ठणकतात. थंडी, तहान, ताप एवढं निमित्त पुरतं; किडक्या दाढेतला पूसुद्धा.

डोंगरावरच्या वाडीतल्या चिमीलाही हाच आजार होता. तिची किडकी दाढ सुजायची, मग ताप यायचा, मग पोर कण्हत पडायची. आई दाढ काढू देईना. नवऱ्यामागं बैलसुद्धा स्वतः पारखून घेणारी खमकी बाई ती.

"अंगात आदीच रगत न्हाई, डाक्टर. हाय ते बी जाईल."

मामांनी वाद घातला नाही. तिच्या हातात बॅटरी दिली. "बैलाचे बघता ना, तसे लेकीचे बघा."

तिनं लेकीचा जबडा धरला आणि एकेक दात निरखला. मग हळूच म्हणाली, "असला बैल म्या घेतला नसता."

मामांनी नगरला नेऊन, मोठ्या डॉक्टरांना विचारून, रक्ताची सोय ठेवून दाढ काढली. पाणी, घोंगडी, सगळं साग्रसंगीत. रक्त थोडंसंच आलं.

"जन्माचं दुखणं मला काढता येत नाही रे, दाढ तेवढी काढली," मामा मला म्हणाले. मला फार वाईट वाटलं. पण चिमीचे ताप कमी झाले, आणि दर बाजाराला ती मामांपुढं येऊन तोंड उघडू लागली.

मामा गेले तेव्हा मायलेकी घरी आल्या. चिमी फोटोपुढं उभी राहिली. नमस्कार विसरली आणि मोठ्ठा आ केला. मामी पदरानं डोळे पुसत पुढं झाली, आणि जन्मात पहिल्यांदाच तिनं कुणाचे तरी दात नीट बघितले.