आत्या, खीर आणि जीपचे वाढीव पाटे

आमच्या जीपचे मागचे पाटे मी सुधारले आणि त्यानंतर आत्या आठ दिवस आमच्याकडेच राहिली. गावात सगळ्यांना वाटतं, ती माहेरच्या ओढीनं राहिली. म्हणून खरं काय ते सांगून टाकतो.

मी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मेकॅनिकल. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. त्यामुळे मिक्सर अडला की मी, विहिरीवरचा पंप रुसला की मी, शेजारच्या काकूंच्या मोबाइलचा आवाज गेला तरी मीच! "तू शिकतोयस ना?" असं कुणी म्हटलं की "हे अजून शिकवलेलं नाही" हे वाक्य माझ्या तोंडातून निघत नाही. (शिकवलेलंही सगळं येतं असं नाही, पण ते घरी कशाला सांगा!)

माझ्या वडिलांची, म्हणजे आबांची, जुनी फोर व्हील ड्राइव्ह जीप आहे. भातशेती सांभाळून शनिवार-रविवारी ते लोणावळ्याला आलेल्या पर्यटकांना पठारावर फिरवून आणतात. वर्षानुवर्षं ओझं वाहून मागच्या चाकांवरचे पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या त्या कमानदार पोलादी पट्ट्या, पार सपाट झाले होते. चाक खड्ड्यात गेलं की धक्का थेट मागं बसलेल्याच्या मणक्यात!

या धक्क्यांमुळेच आत्या दोन वर्षं आमच्या गावी आली नव्हती. आत्या राहते कामशेतला. अकरावी-बारावीला मी तिच्याच घरी होतो. मी अभ्यास करताना तिनं टीव्हीचं बटण दाबलं नाही, की भांडं वाजू दिलं नाही. आमच्या विहारात वर्षावासातल्या, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांतल्या, धम्मग्रंथाच्या वाचनाची समाप्ती झाली की खीर वाटतात. ती खीर पूर्वी आत्याच करून आणायची. तिच्या कंबरेनं असहकार पुकारल्यापासून खीर दुसरंच कुणीतरी करत होतं आणि आत्या त्या दिवशी फोनवर रडत होती.

"यंदा तू येणार," मी तिला छातीठोकपणे सांगितलं. "गाडीचं मागचं सगळं मी सुधारतो. पोटातलं पाणी हलणार नाही!"

"तू केलंस म्हंजी मी डोळं झाकून बसंन," आत्या म्हणाली.

मी वही उघडली. आबांना विचारलं, "मागं जास्तीत जास्त किती माणसं बसतात?"

आबांनी आधी दाराबाहेर पाहिलं. मग हळूच म्हणाले, "कागदावर लिवणार असशील तर सहा."

"खरं सांगा ना."

"चौदा. पोरं मांडीवर न्हाई धरली."

मी चौदा धरले. वर त्यांच्या बॅगा धरल्या. सुरक्षिततेसाठी दीडपट धरावं असं सर म्हणाले होते. घरचीच गाडी म्हणून मी दुप्पट धरलं! उत्तर आलं, प्रत्येक बाजूला तीन पाटे वाढवा आणि कडक शॉकअप टाका. तो कागद घेऊन मी कामशेतच्या मिस्त्रींकडे गेलो.

मिस्त्रींनी कागद उलटासुलटा करून पाहिला. "दादा, एक पाटा पुरंल. तीन टाकलं तर रिकामी गाडी नाचंल."

"पण हिशेबात तीनच येतात."

"हिशेबात खड्डं धरल्यात का?"

आबा मध्ये पडले. "मिस्त्री, पोरगं इंजिनेर हाय. त्यो म्हनतोय तसं करा."

आबांना माझ्यासाठी दुसऱ्या कुणाशी असं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. तेव्हा तरी मी "एकच टाकू" म्हणायला हवं होतं. पण भरल्या छातीनं मी कागदावरच्या 'तीन'खाली आणखी एक रेघ ओढली.

समाप्तीच्या दिवशी आत्या खिरीचं भलंमोठं पातेलं घेऊन तयार होती. पातेल्याच्या तोंडाला पांढऱ्या फडक्याचा दादरा करकचून बांधलेला. जीपचं मागचं अंग इतकं उचललं होतं, की तिला चढवायला स्टूल आणावं लागलं. "आक्का, पुढं बस," आबा म्हणाले. मीच आग्रहानं तिला मागं बसवलं. सुधारणा मागं झालेली, पुढं बसून तिला काय कळणार! पुढं मी बसलो, वही-पेन घेऊन. निरीक्षणं नोंदवायला!

बाजारपेठ संपली आणि पहिला गतिरोधक आला. गाडीनं तो ओलांडला. आत्यानं तो गाडीपेक्षा बराच वरून ओलांडला. ताडपत्रीला डोकं लागून ती खाली आली, तोवर सीट वर निघाली होती!

"सुमेध! ह्ये पाटं हायेत का गोफण?"

"आत्या, थोडं घट्ट धर."

"काय धरू? सोताला का खिरीला?"

पुढच्या खड्ड्याला दादऱ्याची गाठ सुटली आणि खीर आत्याच्या खांद्यावर आली. मी वहीत पाहिलं. चूक तिथंच, ठळक अक्षरात होती : चौदा माणसं. मागं होती एक! भार कमी म्हणून पाटे वाकत नव्हते, आणि पाटे वाकत नव्हते म्हणून आत्या उडत होती.

"आबा," मी चाचरत म्हणालो, "गाडी बरोबर आहे. माणसं कमी पडतायत."

आबांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि करकचून ब्रेक दाबला. उर्स्याकडच्या कारखान्यातून पाळी संपवून तिघे कामगार चालत निघाले होते.

"बसा रं! फुकाट!"

तिघे संशयानं मागं सरले. आत्या आतून ओरडली, "बसा रं बाबांनू, माजी कंबर वाचवा!" तेव्हा बसले.

पुढं गवताचे भारे घेऊन दोघी बाया भेटल्या. त्यांना भाऱ्यांसकट घेतलं. मी वही सरसावून त्यातल्या थोरलीला विचारलं, "मावशी, तुमचं वजन साधारण किती?"

"आरं, मी काय बाजारात इकाया आलीया व्हय?"

मग दोन शेळ्यांसह एक गृहस्थ मिळाले आणि गाडी हळूहळू माणसात आली. एक शेळी आत्याच्या खांद्यावरची खीर चाटू लागली, पण आत्या जागची हलली नाही. खाली टेकलेय याचंच तिला समाधान! तेवढ्यात एक कामगार म्हणाला, "भाऊ, आमाला हितंच उतरायचंय."

"उतरू नगा!" आबा कळवळून म्हणाले. "तुमी उतरला की माजी भैन उडती!"

"घरी वाट बगत्यात वो."

"म्होरं खीर हाय."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. "मग चला."

विहारापुढं सगळा गाव वाट पाहत उभा होता. गाडीतून तीन कामगार, दोन भारे, दोन बाया, एक गृहस्थ आणि दोन शेळ्या उतरल्या. सर्वांत शेवटी, केसांत वेलदोडा आणि खांद्यावर भात घेऊन, आत्या. खीर निम्मी उरली होती आणि खाणारे सहा वाढले होते. (शेळ्यांचं आधीच झालं होतं.) वंदना झाल्यावर आत्यानं स्वतः चमच्या-चमच्यानं सगळ्यांना वाटली.

"कशी आलीस गं एवढ्या लांबून?" कुणीतरी विचारलं.

"माज्या भाच्यानं आणलं," आत्या म्हणाली. "जरा वरनं आणलं, पर आणलं."

दुसऱ्या दिवशी परत जायची वेळ आली. आत्या मागं बसेना आणि पुढंही बसेना. आबा म्हणाले, "आक्का, पुढं धक्का न्हाई लागत."

"म्हाईत हाय. पर मी पुढं बसले तर लोक म्हनत्याल, पोराला जमलं न्हाई." आणि पिशवी घेऊन ती परत घरात गेली. मी दारामागंच उभा होतो. वही तेव्हा लपवायला सुद्धा जागा मिळेना.

आठव्या दिवशी मिस्त्रींना सवड झाली. त्यांनी प्रत्येक बाजूच्या वाढीव पाट्यांतले दोन-दोन काढले, एक-एक ठेवला आणि माझ्याकडे न पाहता हात पुसले. आता गाडी झुलत चालते. आत्या मागंच बसून कामशेतला गेली.

काढलेल्या पाट्यांपैकी एकाची तिनं लोहाराकडून भाजी चिरायची विळी करून घेतली. धार अशी, की भोपळा नुसता बघून दुभंगावा! येणाऱ्या-जाणाऱ्याला ती विळी दाखवते आणि अभिमानानं सांगते, "भाच्याच्या शिक्षणाचा लय उपेग झाला बगा. पाटा त्योच हाय, पर आता कितीबी येळ बसा, उडवत न्हाई!"