घोडीवाल्याचा गुडघा

लोणावळ्यात हाडांच्या दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट म्हणून बारा वर्षं काढली की घरी जेवताना सांगायला काही ना काही असतंच. पण आंदर मावळातल्या गणपतच्या एका गुडघ्याने मला जेवढे धक्के दिले, तेवढे बाकीच्या पेशंटनी मिळून दिले नसतील.

गणपत बैलगाडा शर्यतीत बैलांच्या पुढे घोडी पळवतो. घोडीवरून पडला आणि गुडघ्यातल्या कार्टिलेजला, म्हणजे हाडांमधल्या गादीला, खड्डा पडला. आमचे सर्जन सर म्हणाले, "स्टेम सेल घालून बघू. गुण येईलच असं नाही. नाही आला, तर घोडी विसरायची." गणपतचा चेहराच उतरला.

*

ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्याच्या दारात पिकअप थांबली. आत अठरा माणसं! स्टेम सेलसाठी बोन मॅरो, म्हणजे हाडातला मगज, लागतो हे गावात कळलेलं, म्हणून रक्त द्यायला जातात तशी सगळी द्यायला आलेली. दोघं तर सकाळपासून उपाशी.

"अहो, त्याच्याच कमरेच्या हाडातून काढायचा आणि त्यालाच घालायचा," मी म्हटलं.

"आँ? मंग आमी कशाला आलो?"

सगळ्यांत पुढे गणपतची आई, हौसामावशी. "म्याडम, माजा घ्या. आईचा लागू पडंल."

"नाही चालत, मावशी."

"म्हंजे माजा काईच उपेग न्हाई व्हय?"

बाकीचे कुसगावात मिसळ खाऊन परत गेले. मावशी मात्र संध्याकाळपर्यंत बाकावर बसून होती. मलाच कसंतरी झालं.

*

सहा आठवडे त्या पायावर भार द्यायचा नाही, हे मी गणपतला दहा वेळा बजावलं होतं. तिसऱ्या आठवड्यात व्हिडिओ कॉल केला.

"पाय टेकवला नाहीस ना?"

"न्हाई म्याडम, शपत."

पण हा एवढा हिंदकळतोय का? तेवढ्यात आमच्या दोघांच्या मधे दोन कान आले. घोडीचे! माझा चहा सगळा ओढणीवर सांडला.

"उतर आधी!"

"पाय भुईला टेकलाय कुटं? यात्रा तोंडावर आलीया, हिला रोज फिरवाया नको?"

मी त्याला असा झापला की शेवटी मावशीनंच फोन घेतला. "मंग हिला पळवायची कुनी?"

"कुणीही पळवा. हा नको. त्या पेशी धरल्या नाहीत तर जन्मभर लंगडेल."

"बरं," म्हणून तिनं फोन ठेवला.

*

यात्रा आली तेव्हा सहा आठवडे भरायला चार दिवस कमी होते. माझा गणपतवर काडीचा भरवसा नव्हता. स्कूटर काढली आणि थेट घाटावर, म्हणजे गाडे पळतात त्या धावपट्टीवर, गेले.

गणपत कडेला खुर्चीत, पाय स्टुलावर. माझा जीव भांड्यात पडला.

मग झेंडा पडला आणि बैलांच्या पुढे त्याचीच घोडी सुटली. वर फेटा बांधलेली, काष्टा घातलेली बाई. मी बघतच राहिले. हौसामावशी!

"तिच्या माहेरी घोड्याच व्हत्या," गणपत म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते.

शर्यत संपल्यावर मावशी घोडीवरून उतरली आणि लंगडत लंगडत माझ्यापाशी आली.

"म्याडम, त्याला घोडीवर बसू दिला न्हाई," ती म्हणाली. "आता माजा गुडगा बघा."