शेवटचं पान आधी वाचणारे काकाजी

माझ्या बायकोच्या काकांइतका चरित्रांनी झपाटलेला माणूस आरमोरीपासून कुरखेड्यापर्यंत दुसरा सापडणार नाही, आणि सापडलाच तर त्या दोघांना एका खोलीत बसवू नये, एवढीच माझी प्रार्थना आहे. काकाजी निवृत्त शिक्षक. गावातलं वाचनालय हौसेनं सांभाळतात. तिथे कादंबरी मागायला गेलेला माणूस हमखास एखादा सेनापती काखोटीला मारून बाहेर पडतो. माझ्या लग्नात त्यांनी आहेर म्हणून एका जगप्रवाशाचं जाडजूड चरित्र दिलं आणि भर मांडवात बजावलं, "जावईबापू, यानं बारा वर्सं बायकोले एक चिठ्ठी नाई टाकली. मोठा मानूस होता, पन असे होऊ नोका." बायकोनं ते पुस्तक अजून हाताशी ठेवलं आहे.

वाचायची तऱ्हाही उफराटी. शेवटचं पान आधी! "मेल्यावर मांगं काय उरलं ते पयले पाह्यतो. काई उरलंच नसन, तं जन्म कुठी झाला हे वाचून काय करू?" या एका कसोटीवर त्यांनी कित्येक राजे खालच्या फळीवर झुरळांच्या शेजारी नेऊन बसवले. वरच्या फळीवर मात्र, अगदी मधोमध, त्यांनी स्वतः लिहिलेली एक वही. गावच्या तलावाचं पाणी शेतांना वाटून देणाऱ्या, केव्हाच वारलेल्या पाणकराचं चरित्र.

वाचनालयाची तपासणी ठरली आणि सचिवांचा जीव खालीवर होऊ लागला. "गुरुजी, ते वही काढा. ना छापलेली, ना मानूस नावाजलेला. आपला दर्जा जाईन ना!"

"काऊन काढू?" काकाजी कडाडले. "तो होता तवरिक पान्यापायी गावात एक डोकं नाई फुटलं. झालेल्या लढायांचे पुस्तकं ढीगभर हायेत. न झालेल्या मलेच लिवा लागतेत. वही गेली तं मीबी चाललो."

मी मध्ये पडून समजूत घालायला गेलो, तर चार दिवस माझ्याशी बोलणं बंद. हट्टी तरी किती असावं माणसानं!

त्या साली पावसानं दगा दिला. तपासणीच्या दोन दिवस आधी तलावाच्या बांधावर शेतकऱ्यांचे दोन गट फावडी घेऊन समोरासमोर उभे राहिले. काकाजी वही घेऊन मध्ये घुसले आणि पाणकराची रीत मोठ्यानं वाचू लागले: सगळ्यात लांबच्या धानाच्या बांधीला पहिलं पाणी. जवळच्याची पाळी शेवटी, म्हणजे पाट फुटून आपल्या पाळीआधीच पाणी वाया जाऊ नये याची काळजी तोच घेतो. लोकांनी शिव्या दिल्या, कुरकुर केली, पण फावडी खाली आली. रोजची पाळी बघायला वही तिथेच ठेवून घेतली.

तपासणीचे साहेब आले. वरच्या फळीवर मधोमध भगदाड. "इथलं पुस्तक कुठं आहे?"

सचिव घाईनं दुसरीच फळी दाखवू लागले. काकाजी ताठ उभे राहिले.

"तो मानूस कामावर गेला हाय, साहेब."

साहेबांनी सगळी हकिकत ऐकली, स्वतःच पेन काढलं आणि दाखल नोंदवहीत त्या वहीला क्रमांक दिला. विषय : चरित्र.

हल्ली काकाजींचा हात वरच्या फळीला पोचत नाही. पुस्तक मीच काढून देतो, आणि फार वाईट वाटतं. मी चोरून एक वही सुरू केली आहे, त्यांच्या नावाची. त्यांना दाखवत मात्र नाही. ते शेवटचं पान आधी उघडतील, आणि ते पान मला अजून पुष्कळ दिवस कोरं ठेवायचं आहे.